सही आधी करावी लागते

काचेवर काम करणारा कलावंत मरत नाही, तो फक्त पारदर्शक होतो.

हे वाक्य मी पुण्यात एका कलादालनात ऐकलं. आजच्या नामवंत काच-कलावंतांचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला बोलावलेल्या गृहस्थांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसणं मला अजून जमत नाही. माझी बायको काचेवर काम करायची. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि ती पारदर्शक वगैरे काही झालेली नव्हती. ती नव्हती, एवढंच.

प्रदर्शन चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. छताला एक निळं झुंबर टांगलेलं होतं, उलट्या छत्र्यांच्या घोळक्यासारखं. एकानं फुटलेल्या मोटारींच्या काचा वितळवून त्यांची भिंत रचली होती. पण मला धरून ठेवलं ते एका बाईंच्या कामानं. त्यांनी मातीच्या घागरीच्या आत काच ओतली होती, ती निवल्यावर घागर फोडून टाकली होती, आणि आतली पोकळी तेवढी चौथऱ्यावर उभी केली होती. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला रिकामी घागर ही कलाकृती वाटायला जरा वेळ लागतो. मी मात्र तिच्यासमोरून हललोच नाही. शेवटी माझी मुलगी, जिच्याकडे मी पुण्याला आलो होतो, ती शोधत आली.

घागरीच्या बुडाशी बारीक अक्षरांत सही कोरलेली होती. माहिती सांगायला उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, ही केव्हा करतात?

“काम पूर्ण झाल्यावर, सर. मनासारखं झालं की मगच.”

“आणि नाही झालं तर?”

“मग परत वितळवतात.”

मला ही पद्धत फार सोयीची वाटली. आमच्या घरातल्या काचेला अशी सोय नव्हती. तिथं सही आधी करावी लागायची.

माझ्या बायकोचे वडील नांदेडला काचेवर चित्रं काढायचे. स्टेशनकडून गावात जाताना औषधांच्या एका दुकानाला चिकटून त्यांची खोली होती. पुढं फ्रेमा, मागं चित्रं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवायचं आणि पुढून बघायचं, असं ते काम. कागदावर चित्रकार आधी आभाळ रंगवतो, मग झाड, मग झाडाखालचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या डोळ्यातला ठिपका. काचेवर सगळं उलट. जे सगळ्यात पुढं दिसायचं ते सगळ्यात आधी काढायचं: बुबुळ, नथीतला मोती, कपाळावरचं कुंकू. त्यावर चेहरा, त्यावर कपडे, आणि सगळ्यांच्या मागून आभाळ. आभाळ चढलं की संपलं. मग मागून बघितलं तर नुसता एक रंग दिसतो, भिंतीसारखा. यात डाव्याचं उजवं होतं, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागतात, आणि चूक झाली तर ती तीन थरांखाली जाऊन बसते. तिथं आपला हात पोचत नाही. बघणाऱ्याचा डोळा मात्र आधी तिथंच जातो.

अप्पांकडे गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. लातूर-उदगीरकडचे व्यापारी महादेव घ्यायला यायचे, पिंडीवर बेल आणि समोर नंदी. बौद्ध घरांतले मास्तर, रेल्वेतले लोक बुद्ध सांगायचे. मी नवा जावई होतो तेव्हा एकदा शहाणपणा करून अप्पांना म्हणालो, की डोळे मिटलेला बुद्ध त्यातल्या त्यात सोपा जात असेल.

अप्पांनी कुंचला खाली ठेवला. “जावईबापू, उघड्या डोळ्यात चूक झाकती. मिटल्यात न्हाई झाकत.”

अप्पांनी आयुष्यात एकाही काचेवर सही केली नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, “अजून देव झाला न्हाई अन् आपलं नाव तयार, हे बरं दिसतंय का?” त्यांना दोन मुलगे होते, पण दोघांचंही डोकं रंगाच्या वासानं दुखायचं. शिकली ती मुलगी. नखाएवढ्या मोरपिसात ती चार रंग घालायची आणि एकही दुसऱ्यात मिसळू द्यायची नाही. तिच्या काचा लोकांच्या देवघरांत गेल्या, पण अप्पांच्या दुकानातून, अप्पांच्या म्हणून.

लग्नात तिचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून मी त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. नाव निवडलं होतं माझ्या आईनं. माझ्याकडे फक्त लेखनिकाचं काम होतं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले. पुढं अप्पा तिला जुन्या नावानं हाक मारायचे, माझ्या घरचे नव्या नावानं, आणि मी दोन्ही टाळून ‘अगं’ म्हणायचो. ती नावं मी इथंही लिहीत नाही. जिथं लिहायची होती तिथं राहून गेली, ती आता पुस्तकात लिहून काय करायची?

मग नवा जिल्हा झाला. लातूर तोवर दुसऱ्या जिल्ह्यातला तालुका होता. गुलाल उधळला गेला, कमानी लागल्या. जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. नव्या जिल्ह्याला ग्रंथालय लागतं म्हणून माझी नांदेडहून तिकडे बदली झाली. भाड्याच्या घरात नळ होता. तो होता, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल. टँकर एक दिवसाआड यायचा आणि अंगणात घागरी, कळशा, डबे कायम ओळीत उभे असायचे, शाळेतल्या प्रार्थनेसारखे.

जिल्ह्याबरोबर डझनभर सरकारी कार्यालयं आली. त्यांतल्या एकाच्या साहेबांना, कार्यालय कोणतं ते सोडून देऊ, दर्शनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा हवा होता, तोही काचेवर. साहेब ग्रंथालयात यायचे, जाड नवी पुस्तकं न्यायचे आणि जोडलेली पानं न कापताच परत आणायचे. त्यांच्याशी बोलताना मीच बोलून गेलो की हे काम आमच्या घरात होतं. आठवड्यानं चार बाय तीन फुटांची जाड काच गोणपाटात गुंडाळून घरी आली. मागोमाग साहेब आले.

“उदगीरचा किल्ला पाहिजे,” ते म्हणाले. “ज्वारी पाहिजे, तूर पाहिजे. अन् ताई, मांजरा नदीत पाणी दाखवा.”

“किती दाखवू?” तिनं विचारलं.

साहेबांनी अंगणातल्या घागरींकडे पाहिलं. “भरपूर,” ते म्हणाले.

काच बघायला अप्पा मुद्दाम नांदेडहून आले. तिच्यावर हात फिरवायचा मोह त्यांनी आवरला, कारण बोटाचा तेलकटपणा काचेला लागला की रंग धरत नाही. मग लेकीला म्हणाले, “हे काय देव न्हाई, माय. हे सरकार हाय. सरकारच्या पायाशी नाव लिहायला हरकत न्हाई.”

तिचे कान लाल झाले. मी ते पाहिलं होतं. म्हणजे तिला किती हवं होतं हे मला ठाऊक नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

दोन दिवसांनी तिनं काच धुतली. राखेनं घासली, दोन कळशा पाणी घातलं, खाली परात धरून ते पाणी गोळा केलं आणि भांड्यांना वापरलं. मग काच दोन पाटांवर आडवी ठेवली, कुंचले मांडले आणि बसली. मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. त्या आठवड्यात गावात कोनशिलांची साथ आली होती. ज्या इमारतींचा पायाही खोदलेला नव्हता त्यांच्या कोनशिला बसत होत्या, पाहुण्यांची नावं कोरून, खाली बारीक अक्षरांत ‘यांच्या शुभहस्ते’. मी त्यावर चार दिवस विनोद करत होतो आणि ग्रंथालयात ते चालतही होते.

“अहो,” ती म्हणाली. “सही करावी म्हणते.”

“हं.”

“कोणतं नाव लिहू? अप्पांनी ठेवलेलं का तुमच्याकडचं?”

मी वर्तमानपत्र खाली केलं नाही. “तू पण कोनशिला बसवून राहिलीस का? आधी चित्र तर होऊ दे. नावाचं मग बघू.”

ती हसली. माझ्या विनोदांना हसायची तिला वाईट सवय होती.

काम कसं होतं हे मला माहीत नव्हतं, असं नाही. सात वर्षं मी ते रोज बघत होतो. काचेच्या कामात ‘मग’ नसतो हे मला अप्पांच्या खालोखाल ठाऊक असेल. पण तोंडात वाक्य तयार होतं, आणि तयार वाक्य गिळायचं मला शिकवलेलं नव्हतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. बाजू नाहीच.

तिनं सगळ्यात बारीक कुंचला घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि काचेवर एक ठिपका दिला. मोहरीएवढा. मी पेपर संपवून उठलो तेव्हा तो मला दिसला.

“हे काय?”

“तुमचं गाव.”

माझं गाव शिरूर अनंतपाळकडचं. तेव्हा शिरूरच तालुका नव्हतं, तर आमचं गाव कोण विचारतो. दिवसातून एक एसटी यायची, तीही पारावर वळून परत जायची.

“साहेबांच्या यादीत न्हाई ते,” मी म्हणालो.

“हाव. मी घेतलं.”

सात आठवडे काम चाललं. किल्ल्याचे बुरूज आले, ज्वारीची कणसं आली, लातूरच्या बाजारातल्या तुरीच्या राशी आल्या. नदीत पाणी आलं, भरपूर. शेजारच्या बायका टँकरची वाट बघत ओट्यावर बसायच्या. त्यातली एक म्हणाली, “एवढं पाणी काढलंस, आता एक कळशी तरी देतीस का त्यातली?” ती म्हणाली, “वाळू दे आधी.” शेवटच्या दोन दिवसांत तिनं आभाळ चढवलं. मग आम्ही दोघांनी काच उचलून भिंतीला टेकवली आणि चार पावलं मागं आलो.

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, चित्रांवरचीही. त्यातलं काही मला त्या वेळी आठवलं नाही. मोहरीएवढं माझं गाव तेवढं दिसत होतं.

“झालं चित्र,” ती म्हणाली. “आता नावाचं बघा.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी उगाच काचेच्या मागं जाऊन पाहिलं. इकडून तिकडं नुसतं आभाळ. मागं लिहिलं तर पुढून दिसणार नव्हतं, पुढं लिहिलं तर पहिल्या फडक्याला पुसलं जाणार होतं. मी म्हणालो, की कोपऱ्यात थोडं ब्लेडनं खरडून काढलं तर—

“एवढं झाल्यावर ब्लेड लावता का?” ती म्हणाली आणि कुंचले धुवायला गेली. धुवायला म्हणजे टर्पेंटाइनमध्ये. पाणी त्या दिवशी नव्हतं.

उद्घाटनाला मांडव घातला होता. दुष्काळात रस्ता धुळीचा दिसू नये म्हणून आदल्या दिवशी टँकरनं त्यावर पाणी मारलं होतं. गल्लीतल्या बायका ते बघायला जमल्या होत्या. हार झाले, शाल झाल्या, नारळ फुटले. भाषणात ‘काचेसारखा स्वच्छ कारभार’ असा उल्लेख तीनदा आला. मग मोठ्या पाहुण्यांनी पडदा ओढला. मला वाटतं त्यांना ते खरंच आवडलं. ते जवळ गेले, वाकले आणि वळून विचारलं, “हे केलं कुणी?”

साहेब म्हणाले, “आमच्या कार्यालयानंच केलं, साहेब.”

साहेब खोटं बोलले असं मला वाटत नाही. काचेवर कुठं कुणाचं नाव नव्हतं. आणि साहेबांचा कार्यालयावर विश्वास होता.

ती बायकांच्या तिसऱ्या रांगेत होती, हिरव्या साडीत. मी पुरुषांच्या बाजूला उभा होतो. मधे एक दोरी होती. मी दोरी ओलांडून दहा पावलं गेलो असतो आणि एक वाक्य बोललो असतो तर काम होतं. मी अशा समारंभांत पुढं पुढं करणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली होती, आणि ती टिंगल नेमकी त्या दिवशी माझ्या पायात आली.

घरी येताना ती म्हणाली, “विचारलं तरी त्यांनी.”

“हाव,” मी म्हणालो. मला एरवी काही ना काही सुचतं.

पुढं छापील तसबिरींची लाट आली. काचेवरचे देव मागं पडले, अप्पांनी पुढच्या फ्रेमाच तेवढ्या ठेवल्या आणि एक दिवस तेही गेले. ती कधी मुलीच्या शाळेसाठी कोंबडी काढून द्यायची, कधी कुणाच्या दारावरचा गणपती. मोठी काच पुन्हा घरी आली नाही. त्या एका वाक्यामुळं ती थांबली असं मी म्हणत नाही. एवढं महत्त्व स्वतःला देणं बरं नाही. पण पंचवीस वर्षं आम्ही बाकी सगळ्या विषयांवर बोललो आणि सहीवर बोललो नाही. तिचं दुखणं चार महिन्यांचं झालं. दवाखान्यातल्या खाटेशेजारी खिडकी होती. काचेवर बोटांचे डाग दिसले की तिला चैन पडायचं नाही. आधी ती स्वतः पदरानं पुसायची. पुढं मी पुसायचो आणि ती कुठं राहिलं ते दाखवायची.

पुण्याहून परत आल्यावर मी तिचा रंगांचा डबा उघडला. चार वर्षं तो कपाटावर होता. रंग दगड झाले होते. कुंचल्यांखाली, तळाशी, ट्रेसिंग पेपरची एक घडी होती. त्यावर पेन्सिलीनं उलटी अक्षरं होती, म्हणून कागद फिरवून मी खिडकीशी उजेडात धरला. तिनं सराव केला होता. आधी माझ्या आईनं ठेवलेलं नाव, पाचसहा वेळा. मग अप्पांनी ठेवलेलं, त्याहून जास्त वेळा. आणि सगळ्यात खाली एकदाच, ठळक, वळणदार: अप्पांनी ठेवलेलं तिचं नाव, पुढं माझं नाव, पुढं आमचं आडनाव. हे नाव रेशनकार्डावर नव्हतं, शाळेच्या दाखल्यावर नव्हतं, कशावरच नव्हतं. ते तिनं तयार केलं होतं.

म्हणजे मला विचारलं तेव्हा तिचं ठरलेलं होतं. मी फक्त पेपर खाली करायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी काच शोधायला निघालो. ते कार्यालय केव्हाच नव्या इमारतीत गेलं होतं. जुन्या इमारतीत दुसरं आलं होतं. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत विचारत गेलो. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक तरुण कारकून बसला होता आणि नवा जिल्हा त्याच्या टेबलावर आडवा होता.

“ही व्हय?” तो म्हणाला. “लई मजबूत काच हाय काका. टेबलाला नवी मागवली होती, ती आलीच न्हाई. मग हीच टाकली.”

रंगाची बाजू खाली होती, त्यामुळं चित्र शाबूत होतं. उदगीरच्या किल्ल्यावर चहाचा कप होता. नदी भरलेली होती. मी वाकून माझं गाव शोधलं, होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र पोस्टकार्डाएवढा चौकोन रंग खरवडून मोकळा केला होता आणि त्यातून खाली ठेवलेला एक छापील कागद दिसत होता.

“खाली कायबी ठेवलं तर दिसत न्हाई हो,” कारकून म्हणाला. “म्हणून जरासं खरवडलं. सुट्ट्यांची यादी हाय.”

मी त्याला सांगितलं की ही काच माझ्या बायकोनं रंगवली आहे. तो उठून उभा राहिला. चहाचा कप उचलला आणि खालची ओली गोल खूण रुमालानं पुसली.

“काकूंनी? मला वाटलं छापील हाय.” तो काचेवर वाकला. “मग नाव का न्हाई टाकलं?”

“राहून गेलं.”

“मग आणा की. कागदावर लिहून आणा, यादीच्या बाजूला सरकवतो. दिसंल मोकळ्या जागेतून. मी अन् शिपाई मिळून उचलतो काच. कधीबी या.”

मी चार दिवस थांबलो. घाई केली तर बरं दिसणार नाही असं मला वाटलं; कुणाला दिसणार नाही, ते माहीत नाही. ट्रेसिंग पेपरवरची शेवटची ओळ मी कात्रीनं कापून घेतली. ती पालथी ठेवली की सुलटी वाचता येत होती. सोमवारी सकाळी धुतलेला सदरा घातला, पट्टी वहीच्या दोन पानांमध्ये ठेवली आणि रिक्षानं गेलो.

कार्यालयाला कुलूप होतं. त्या दिवशी सरकारी सुट्टी होती. यादीत ती होती.